घाटात पेडल तळाला, पायथ्याशी पुन्हा ठीक

प्रश्न : आमची सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. कराडहून येताना कुंभार्ली घाटाच्या उतारावर ब्रेकचं पेडल एकदम मऊ झालं आणि जवळजवळ तळाला टेकलं. हँडब्रेक ओढत मी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पहिल्यासारखं! गॅरेजमध्ये ‘दोष काही नाही’ म्हणाले आणि ब्रेक ऑइल थोडं वर घालून दिलं. गाडी वापरू का?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, ब्रेक ऑइल पूर्ण बदलेपर्यंत गाडी जागची हलवू नका. वर घालून भागणार नाही. तापल्यावर पेडल जातं आणि गार झाल्यावर परत येतं, तेव्हा बहुतेक वेळा ऑइल उकळलेलं असतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा! नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, तेवढी उष्णता सहज पोचते. ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

पेडल गार गाडीतही स्पंजासारखं लागत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. सिग्नलला पाय दाबून ठेवल्यावर ते हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) रबरं गेलीत. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. तुमचं यातलं नाही.

गॅरेजमध्ये स्वतः उभ्या राहा. सीलबंद बाटली समोर फोडायला सांगा. कपाटातली अर्धी उघडी बाटली नको. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलंय ते बघा, तेच घाला. चारही चाकांजवळच्या निपलमधून (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जुनं काळपट ऑइल जाऊन स्वच्छ पिवळसर येईपर्यंत काम चालू राहिलं पाहिजे, आणि तोवर वरची टाकी एकदाही रिकामी होता कामा नये, नाहीतर हवा शिरते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर काही गाड्यांना या कामासाठी स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडायचं तपासणी यंत्र, लावावा लागतो. ऑइल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

ऑइल कमी का झालं होतं, हेही विचारा. पॅड झिजले की पातळी उतरते. पॅड चांगले असतील तर गळती शोधायलाच हवी. काम झाल्यावर गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणा आणि चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त गरम लागलं तर तो कॅलिपर अडकतोय, तो ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून घ्या.

यापुढे ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली तरी. आणि ज्या गिअरने घाट चढाल, त्याच गिअरने उतरा.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी पहिल्या ब्रेकला करकर आवाज येतो. पॅड बदलू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन-चार ब्रेकनंतर आवाज जात असेल तर नको. रात्रीत डिस्कवर धरलेला गंज पॅड घासून काढतात. दिवसभर येत राहिला, तर मात्र चाक काढून पॅडची जाडी बघा.