नाशिकमध्ये मोबाइल इंटरनेट कोणत्या कंपनीचे घ्यावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा पुण्यातील कंपनीचे काम घरून करतो आणि सून मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची व्याख्याने मोबाइलवर ऐकते. इमारतीत आलेले केबलचे इंटरनेट सारखे बंद पडते, म्हणून सगळे मोबाइल इंटरनेटवरच चालवावे असा विचार आहे. शेजारी एका कंपनीचे नाव सुचवतात, मुलाचे मित्र दुसरीचे, आणि जाहिरातीत तर प्रत्येकीचाच वेग सर्वाधिक असतो. वर्षभराचा रिचार्ज एकदम केला तर स्वस्त पडतो असे दिसते. तो करावा का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : वर्षाचा रिचार्ज आत्ता करू नये. आधी 28 दिवसांचा साधा प्लॅन घ्यावा, आपल्या घरात, आपल्या कामाच्या वेळी ते इंटरनेट कसे चालते हे पाहावे, आणि मग पैसे गुंतवावेत. संपूर्ण शहरात एखाद्या कंपनीचे नाव चांगले असले, तरी आपल्या तिसऱ्या मजल्यावरील खोलीबद्दल त्यावरून फारसे काही सांगता येत नाही.

याचे कारण मोबाइल इंटरनेटच्या रचनेतच आहे. टॉवरवरील प्रत्येक अँटेना ठरावीक दिशेला ठरावीक क्षमता पुरवतो आणि ती क्षमता त्या दिशेला असलेल्या सर्व ग्राहकांत वाटली जाते. सकाळी अकरा वाजता उत्तम चालणारे इंटरनेट रात्री नऊला, घरोघरी क्रिकेट आणि मालिका सुरू झाल्या की, मंदावते ते यामुळेच. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असूनही पान उघडत नाही, त्या वेळी लहरी पोहोचलेल्या असतात, पण टॉवरवर गर्दी झालेली असते किंवा टॉवरला मागून जोडणारी वाहिनीच अपुरी पडत असते. म्हणून काड्या मोजून कंपनी ठरवू नये.

दुसरी गोष्ट लहरींची. 700, 850 आणि 900 मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, मात्र त्यांच्यातून मिळणारी क्षमता कमी असते. 2300 किंवा 3300 मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर डेटा वाहून नेतात, परंतु काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना त्यांचा जोर ओसरतो. सन 2022 च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी 700 मेगाहर्ट्झच्या लहरी फक्त जिओने घेतल्या, तर एअरटेलने आपल्या 5जी सेवेचा मुख्य भार 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवला. तरीही यावरून एक कंपनी श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे ठरत नाही, कारण टॉवर जवळ आणि समोर असेल तर दुसरीच अधिक वेग देऊ शकते. ज्या खोलीत मुलगा कामाला बसतो, तिची खिडकी कोणत्या दिशेला उघडते आणि त्या दिशेला कोणाचा टॉवर आहे, हे इथे निर्णायक ठरते. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आपल्या परिसरातील टॉवर नकाशावर पाहता येतात. शिवाय भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर 2जी, 4जी, 5जी अशा तंत्रज्ञानानुसार व्याप्तीचे नकाशे देणे बंधनकारक आहे. मात्र हे नकाशे घराबाहेरची स्थिती दाखवतात असे धरूनच वाचावेत.

प्रत्यक्ष मापनासाठी ट्रायचे मायस्पीड हे ॲप पुरेसे आहे. शेजाऱ्यांकडे आणि मुलाच्या मित्रांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आहेतच, तेव्हा त्यांना घरी चहाला बोलावून त्यांच्याच मोबाइलवर चाचणी करून घ्यावी. आपले वायफाय बंद ठेवावे, कामाच्या टेबलाजवळच बसावे, आणि सकाळी, दुपारी व रात्री नऊच्या सुमारास अशी वेगवेगळ्या वेळी, दोन-तीन दिवस नोंद ठेवावी. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 5जी बंद करून नुसत्या 4जीवरही एकदा पाहावे, कारण घराच्या आत मोबाइल या दोहोंमध्ये सतत उड्या मारत असेल तर चालू बैठक मध्येच तुटते. चाचणीलाही डेटा लागतो आणि 5जीवर एकेक चाचणी काही शे एमबी खाऊ शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

या नोंदींत बहुतेक जण फक्त डाउनलोडचा आकडा पाहतात. आपल्या मुलासाठी अपलोड (आपल्याकडून डेटा पाठवण्याचा वेग) आणि प्रतिसादाचा वेळ (पाठवलेल्याला उत्तर यायला लागणारा वेळ) हे दोन आकडे अधिक महत्त्वाचे आहेत. चित्रफितीसह चालणाऱ्या बैठकीला दोन्ही बाजूंनी 3 ते 4 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग पुरतो, पण तो अखंड मिळाला पाहिजे. प्रतिसादाचा वेळ 100 मिलिसेकंदांच्या आत असावा आणि चाचणीगणिक तो फार बदलू नये. एका वेळी 200 एमबीपीएस आणि दुसऱ्या वेळी 1 एमबीपीएस देणाऱ्या सिमपेक्षा कायम 15 एमबीपीएस देणारे सिम मी आपल्या घरासाठी निःसंकोच पसंत करीन.

आता प्लॅनविषयी. 28 दिवसांच्या रिचार्जला महिना समजू नये, कारण वर्षाचे 365 दिवस भरून काढायला असे 13 रिचार्ज करूनही एक दिवस उरतोच. किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढला की 28, 56, 84 आणि 365 दिवसांच्या प्लॅनची तुलना एका दृष्टिक्षेपात होते. ट्रायच्या 2022 च्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला पूर्ण 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅनही ठेवावा लागतो, परंतु दुकानदार तो आपणहून क्वचितच सुचवतो. पोस्टपेडच्या जाहिरातीतील किमतीवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तर प्रीपेडच्या किमतीत तो धरलेला असतो.

रोजच्या मर्यादेचा विचार तर अगदी बारकाईने करावा. रोज 2 जीबीचा प्लॅन 28 दिवसांत 56 जीबी देतो खरा, पण आज न वापरलेला डेटा सहसा मध्यरात्री संपतो आणि उद्याच्या बैठकीला उपयोगी पडत नाही. मर्यादा ओलांडली की बहुतेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. या वेगाने 4 एमबीची एक फाइल उतरायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे कामाच्या दृष्टीने इंटरनेट बंदच पडले असे समजावे. सन 2023 पासून आपल्या देशात किमान 2 एमबीपीएस वेग असेल तरच त्या सेवेला ब्रॉडबँड म्हणतात, हे लक्षात घेतले तर अशा प्लॅनवर लिहिलेल्या ‘अमर्यादित’ या शब्दाचे खरे मोल कळते. जुलै 2024 च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद 5जी हे रोज 2 जीबी किंवा त्याहून अधिक डेटाच्या प्लॅनपुरते ठेवले. अशी सवलत व्यक्तिगत वापरासाठी असते आणि तिच्या अटी बदलत राहतात, म्हणून रिचार्जच्या दिवशी त्या पुन्हा वाचाव्यात.

आपल्या घरी बैठका आणि व्याख्याने मिळून दिवसाला 4 ते 6 जीबी डेटा सहज लागेल, आणि एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा भार टाकणे मला योग्य वाटत नाही. मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत, म्हणजे एक बंद पडले तर दुसऱ्याचा हॉटस्पॉट वापरता येईल. इमारतीवर समोरच्या 5जी टॉवरचा सिग्नल चांगला येत असेल, तर जिओ किंवा एअरटेलच्या एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणाऱ्या घरगुती इंटरनेट सेवेचाही विचार करावा. तिचा यंत्रसंच गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसतो, त्यामुळे भिंतींचा अडथळा टळतो, आणि तिची मासिक मर्यादा साधारण 1000 जीबी असल्याने तुमच्या घराला ती कमी पडणार नाही. पैसे भरण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून तुमच्या घरी सिग्नल मोजून घ्यावा आणि हा आग्रह अजिबात सोडू नये.

प्रश्न : निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. बागेत हवामान यंत्र आणि ठिबकचा स्वयंचलित पंप बसवला आहे, आणि दोन्हींना सिम लागते. गावात रेंज चांगली आहे, मळ्यात मात्र कधी येते, कधी जाते. अशा ठिकाणी कोणती कंपनी चालेल? (एक द्राक्षबागायतदार)

उत्तर : आपली गरज शहरातील ग्राहकापेक्षा अगदी वेगळी आहे. आपल्या यंत्रांना दिवसाकाठी थोडाच डेटा पुरतो, परंतु डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरील रोगांच्या काळात पहाटेची आर्द्रता किंवा रात्रीचा पाऊस कळलाच पाहिजे. म्हणून वेगाकडे दुर्लक्ष करून सिग्नल किती टिकतो एवढेच पाहावे. लांब पल्ल्याच्या कमी मेगाहर्ट्झच्या लहरी मळ्यात अधिक उपयोगी पडतात. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या 4जी जाळ्याचे उद्घाटन 27 सप्टेंबर 2025 रोजी झाले आणि त्या कंपनीकडे 700 मेगाहर्ट्झच्या लहरी आहेत, तेव्हा तिचे सिमही तपासून पाहण्यासारखे आहे. मात्र जुन्या राउटरना आणि कित्येक मोबाइलना 700 चा पट्टा पकडताच येत नाही, म्हणून यंत्राच्या माहितीपत्रकात ‘बँड 28’ (याच पट्ट्याचे तांत्रिक नाव) लिहिलेले आहे का, हे आधी पाहावे.

सिग्नल कधी येतो, कधी जातो, असे आपण लिहिले आहे. ते नेमके वीज जाते त्या वेळी होते का, हे एक आठवडा नोंदवून ठेवावे. ग्रामीण भागातील टॉवरची बॅटरी लांबलेल्या भारनियमनात संपते, आणि तसे होत असेल तर त्याच टॉवरवरील दुसऱ्या कंपनीचे सिम घेऊनही बहुधा फरक पडणार नाही, कारण एका टॉवरवर अनेकदा दोन-तीन कंपन्या एकत्र असतात. अशा वेळी वेगळ्या दिशेच्या टॉवरवर असलेली कंपनी शोधावी. दोन सिम घेणारा आणि बाहेरचा अँटेना जोडता येणारा 4जी राउटर घेऊन तो अँटेना विहिरीजवळच्या खांबावर किंवा पत्र्याच्या शेडवर उंच बसवला, तर फरक ठळकपणे जाणवतो. राउटर मात्र पत्र्याच्या शेडच्या आत ठेवू नये, कारण पत्रा लहरी अडवतो.

प्रश्न : पंचवटीत माझे पूजासाहित्याचे दुकान आहे. गर्दीच्या दिवशी ग्राहकाने पैसे पाठवले तरी दुकानातल्या साउंडबॉक्सवर घोषणा होत नाही. आता 2027 चा सिंहस्थ समोर आहे. काय करावे? (एक दुकानदार)

उत्तर : साउंडबॉक्समध्ये त्याचे स्वतःचे सिम असते आणि ते कोणत्या कंपनीचे आहे हे बहुतेक दुकानदारांना माहीत नसते. पुरवठादाराला ते विचारावे, आणि आपल्या मोबाइलमधील सिम मुद्दाम वेगळ्या कंपनीचे ठेवावे, म्हणजे एका कंपनीचे जाळे गर्दीने तुंबले तरी व्यवहार झाल्याची खात्री दुसऱ्यावरून करता येईल. काही साउंडबॉक्स वायफायवरही चालतात, आणि दुकानात तारेने आलेले साधे, स्वस्त इंटरनेट असेल तर रामकुंडाच्या परिसरात तेच सर्वांत भरवशाचे ठरेल. पर्वणीच्या काळात कंपन्या फिरते टॉवर आणून क्षमता वाढवतात, तरी लाखो भाविक एका जागी जमल्यावर सिमवर पूर्ण विसंबू नये असेच मी सांगेन.

प्रश्न : नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेड असल्यास बिलाची थकबाकी नसावी. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आपला मोबाइल क्रमांक लिहावा आणि तो संदेश 1900 वर पाठवावा, म्हणजे कंपनी बदलण्यासाठी लागणारा एक संकेतांक मिळतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. 1 जुलै 2024 पासूनच्या नियमानुसार, सिम हरवल्यामुळे किंवा खराब झाल्यामुळे नुकतेच बदलून घेतले असेल तर सात दिवस संकेतांक मिळत नाही. प्रीपेडची शिल्लक आणि उरलेली मुदत दोन्ही बुडतात, म्हणून चालू रिचार्ज संपत आल्यावरच अर्ज करावा. नवे सिम सुरू झाल्यावर यूपीआय ॲपमध्ये क्रमांकाची पडताळणी पुन्हा करावी लागू शकते, तेव्हा घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता भरायचा असेल त्याच दिवशी हा बदल करू नये.

आणि जुनी कंपनी केवळ सेवेच्या तक्रारीमुळे सोडत असाल, तर आधी तिच्या ग्राहक सेवा केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि उत्तराने समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागावी. त्यासाठी शुल्क लागत नाही, आणि कित्येकदा जवळच्या टॉवरवरील बिघाड या तक्रारीनंतरच दुरुस्त होतो.