लेक पत्रकार होते म्हणते, पाठवू का माहिती खात्यात?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पत्रकार व्हायचंय. वडील लिहितात, 'पेपरात पगार नाही, वेळेचा ठिकाणा नाही, वर चार लोकांशी वैर. त्यापेक्षा आकाशवाणीत किंवा सरकारच्या माहिती खात्यात गेली तर काय बिघडलं? बातमी ती बातमीच. तुम्ही तिला समजावा.'

दादा, नमस्कार. तुमची काळजी मला कळते. पण लेकीच्या आधी तुमच्याशीच बोलते, राग मानू नका.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. संध्याकाळी सरकारी प्रेस नोटा यायच्या, कन्नडमधून. त्यांचं मराठी करून पान लावायचं. एकदा एका गावच्या नळयोजनेची नोट आली. काम पूर्ण, घरोघरी जोडणी, मान्यवरांच्या हस्ते लोकार्पण. मी ती तशीच छापली. दुसऱ्या दिवशी त्या गावातून एका बाईंचा फोन आला, 'बाई, तोटी बसलीय की. पाणी कुठं हाय?' मी गेले. दारातल्या नळाच्या पाइपाला दोरी बांधून त्यावर धुणं वाळत घातलेलं. तोटीवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. नोटेत खोटं काही नव्हतं हो. पाइप टाकले होते, तोट्या बसल्या होत्या, फीत कापली होती. पंपाला वीज जोडायची तेवढी राहिली होती. ते विचारणं माझं काम होतं, आणि मी विचारलं नव्हतं. आजही ते धुणं डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून नोट लिहिणारा माणूस कमी प्रतीचा ठरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत किती क्युसेक पाणी येतंय, हिडकल धरणातून किती सोडलंय, कोणता पूल पाण्याखाली गेलाय, हे चिकोडी-निपाणी-गोकाकच्या लोकांना तासातासाला हवं होतं. अशा वेळी सरकारकडची माहिती अचूक आणि वेळेवर पोचवणारा माणूस जीव वाचवतो. पण निवारा केंद्रात जेवण किती वाजता आलं, पंचनाम्यात कुणाचं घर सुटलं, हे शोधायला दुसरं कुणीतरी जावं लागतं. सरकारच्या पगारावर असलेल्या माणसाला ते सरकारविरुद्ध लिहिता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याची नेमणूकच वेगळ्या कामासाठी आहे.

आता आकाशवाणीचं. सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या तुम्हीही ऐकत असाल. आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसार भारतीकडे आहेत. कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून. कागदावर महामंडळ स्वायत्त आहे, पण पैसा मुख्यतः केंद्राच्या अनुदानाचा, आणि वृत्तविभागातले अधिकारी भारतीय माहिती सेवेतले, म्हणजे केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाच्या केडरचे. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्तविभागच बंद करण्याचा आदेश निघाला होता. लोक ओरडले, तेव्हा स्थगिती मिळाली. शिवाय आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे रेडिओवर दुसरा आवाजच नाही. आणीबाणीत तर १९७६ साली पीटीआय, यूएनआय, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार या चारही वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली होती. १९७८ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. मधल्या काळात देशभरच्या पेपरांना एकाच दारातून बातमी घ्यावी लागली.

आपल्या भागात तर दोन सरकारं बोलतात, एक बेंगळुरूचं, एक मुंबईचं. १ नोव्हेंबरला एकाच बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि हा भाग कर्नाटकात घातला म्हणून मराठी माणूस काळा दिन पाळतो. दोन्हीकडच्या पत्रकांत आपापलीच बाजू असते. मराठी पत्रकाराने दोन्ही सरकारांना प्रश्न विचारावेत, आणि आपल्या पुढाऱ्यांनाही तितक्याच धिटाईने. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण ते गल्लीतले, ओळखीचे, लग्नकार्यात भेटणारे असतात. पेपरही सरकारी जाहिरातींवर बरेच अवलंबून असतात, मालकाचाही दबाव येतो. हे मी तिच्यापासून लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका.

पगाराचं म्हणाल तर 'सरकारी म्हणजे पक्की' हे आकाशवाणीत सरसकट खरं नाही. प्रादेशिक केंद्रांवरचे कितीतरी वृत्तनिवेदक-भाषांतरकार हंगामी असतात, ड्युटीमागे पैसे, त्याही महिन्यात मोजक्याच. पक्की वाट म्हणजे यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय माहिती सेवा, किंवा राज्यांची माहिती खाती. कर्नाटकात त्याला उत्तम कन्नड हवं. महाराष्ट्रात, त्या राज्याने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का, ते आधी बघा.

वाट कुठलीही असो, कन्नड वाचायला-लिहायला आलंच पाहिजे. यावर मी अजिबात ऐकून घेणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, आपल्याकडे ती कन्नड. शिक्षणासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेची पदविका मिळते.

निर्णय आज घेऊ नका. या आठवड्यात तालुक्याबद्दलची एखादी सरकारी प्रेस नोट तिच्या हातात द्या. शाळा, रस्ता, रेशन, काहीही चालेल. ती नोट घेऊन त्या गावात तिला एक दिवस जाऊ दे. तुम्ही गाडीवरून सोडा, पण सोबत थांबू नका. रात्री जेवताना तिला विचारा. नोटेतली माहिती गावकऱ्यांना समजावून सांगण्यात ती रमली, तर माहिती सेवेचा अभ्यास सुरू करू दे. आणि नोटेत काय सुटलंय तेच ती जेवण थांबवून सांगत बसली, तर मला फोन करा. कोल्हापूरच्या प्रवेशाचं आपण बघू.