गौरीची सुट्टी मागितली आणि शिफ्टच बदलली

प्रश्न: मी न्यू जर्सीत एका काउंटीच्या ऑफिसात ६ वर्षं आहे. गौरीपूजनाला सुट्टी हवी म्हणून महिनाभर आधी ईमेल टाकली, एक कलीग माझ्याऐवजी यायलाही तयार होती, तरी सुपरवायझर नाहीच म्हणाला. एचआरला कळवलं तर दोन आठवड्यांत मला रात्रीच्या शिफ्टला टाकलं, वर रिव्ह्यूही खराब. एचआर म्हणतंय चौकशी चालू आहे, थांबा. हे म्हणतात एका सुट्टीसाठी कशाला पंगा. थांबू का?

उत्तर: अजिबात थांबू नका. एचआरची चौकशी चालली म्हणून कायद्यातली मुदत काही थांबत नाही, आपली माणसं नेमकी इथेच फसतात. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारं फेडरल खातं) तक्रार करायला न्यू जर्सीत ३०० दिवस मिळतात, काही राज्यांत १८०च, आणि कोणी मैत्रीण पोस्टात किंवा फेडरल खात्यात असेल तर तिला ४५ दिवसांतच खात्याच्या ईईओ काउन्सेलरला, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला, गाठावं लागतं.

आता सुट्टीचं. १९७७च्या एका निकालामुळे किरकोळ खर्च वाढतो म्हटलं की मालक सुटायचा. मग पेनसिल्व्हेनियातला एक पोस्टमन, धर्मामुळे रविवारी ॲमेझॉनची पार्सलं वाटणार नाही म्हणणारा, सुप्रीम कोर्टात गेला आणि जून २०२३ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की नकार द्यायचा तर कामावर खरोखर मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवायचं. तुमच्याकडे तर बदली माणूस तयार होतं, बोजा कसला डोंबलाचा!

पण माझ्या मते तुमची खरी केस शिफ्टची आहे. सूड उगवल्याची तक्रार वेगळी धरतात, म्हणजे सुट्टीचा मुद्दा उद्या हरलात तरी ही टिकू शकते. २००६च्या निकालाप्रमाणे साधारण माणूस तक्रार करायला कचरेल असं काहीही केलं तरी ते सूडात येतं, पगार कापायलाच हवा असं नाही. अडचण एवढीच की तक्रार केली नसती तर शिफ्ट बदललीच नसती, हे तुम्हाला दाखवावं लागेल. म्हणून दोन आठवड्यांचं अंतर आणि जुने चांगले रिव्ह्यू सोन्यासारखे जपा. एचआरला लिहिलेल्या ईमेलमध्ये ‘धर्मामुळे अन्याय’ असं स्पष्ट आहे ना तेही बघा, नुसतं सुट्टी नाकारली लिहिलं असेल तर आजच दुसरी टाका.

आणि तारखांची वही घरी ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको.