वापरलेली १३५ मिमी लेन्स घ्यावी का?

प्रश्न : पोर्ट्रेट आणि व्हिडिओसाठी कॅननची ईएफ १३५ मिमी एफ/२ एल ही लेन्स वापरलेली मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : पोर्ट्रेटसाठी अवश्य घ्यावी. १९९६ साली आलेली ही ७५० ग्रॅमची लेन्स एफ/२ वरही, म्हणजे छिद्र पूर्ण उघडे असतानाही, पापणीचा केस न् केस टिपते. मात्र तिच्यात स्थिरीकरण नसल्याने हातात धरून केलेले चित्रीकरण थरथरते, तेव्हा ट्रायपॉड हवाच. कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा असेल, तर ती सुमारे २१६ मिमीसारखी वागेल, चौकटीत कमी दृश्य मावेल आणि घरातल्या खोलीत मागे सरकायला जागा उरणार नाही. पैसे देण्यापूर्वी एका टोकाकडून टॉर्च मारून आत पाहावे : धुळीचे चार कण चालतील, परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय, आणि मग कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.