हिदेओ नोमोचं करिअर फक्त 123 विजयांवर मोजू नका

तुमचा प्रश्न असा की इचिरो आणि ओतानी यांच्यासारखे अमेरिकेत गाजलेले जपानी खेळाडू असताना जपानी बेसबॉलच्या गप्पांत लोक सारखं हिदेओ नोमोचं नाव का काढतात, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पिचर (बॉल टाकणारा, ज्याच्या नावावर मॅचचा निकाल लागतो) म्हणून 123 विजय आणि 109 पराभव म्हणजे काय एवढं मोठं. आकडे बरोबर आहेत, पण ते त्याच्या करिअरच्या मधूनच सुरू होतात, त्याआधीची पाच वर्षं त्यात धरलेलीच नाहीत.

नोमो ओसाकाचा. शाळा संपल्यावर थेट प्रोफेशनल झाला नाही, साकाइमधल्या एका स्टील कंपनीच्या टीमकडून खेळला आणि तिथेच फोर्कबॉल शिकला, म्हणजे दोन बोटांच्या फटीत धरून टाकलेला बॉल, जो फास्टबॉलसारखा येतो आणि बॅटरपाशी आल्यावर एकदम खाली जातो. 1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, आठ टीमना तो हवा होता, चिठ्ठी निघाली किंतेत्सू बफेलोजची. 1990 मध्ये पहिल्याच सीझनला 18 विजय, 287 स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं), सर्वोत्तम नवोदित, एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू) आणि सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार, सगळं एकट्याने नेलं! आणि पहिले चारही सीझन पॅसिफिक लीगमध्ये (जपानच्या दोन लीगपैकी एक) सगळ्यात जास्त विजय आणि सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट त्याचेच. हात डोक्याच्या वर ताणायचा, बॅटरकडे जवळजवळ पूर्ण पाठ फिरवायची आणि मग गर्रकन वळून बॉल सोडायचा, म्हणून त्या ॲक्शनला टॉर्नेडो म्हणायचे. व्हिडिओ नक्की बघा.

आता खरा मुद्दा. किंतेत्सूचा मॅनेजर केइशी सुझुकी स्वतः 300 च्या वर मॅच जिंकलेला जुना पिचर, भरपूर बॉल टाकल्यानेच हात तयार होतो असं मानणारा. जुलै 1994 मध्ये सेइबू टीमविरुद्ध एका मॅचमध्ये नोमोने 16 वॉक (चार चुकीचे बॉल पडले की बॅटरला फुकट पहिला बेस) दिले तरी त्याला काढलं नाही, 191 बॉल टाकून त्याने ती मॅच पूर्ण केली, जिंकली पण. त्याच सीझनमध्ये खांदा दुखावला. मग त्याने अनेक वर्षांचा करार मागितला, एजंट मध्ये घातला, आणि क्लबने साफ नकार दिला. एजंट डॉन नोमुराने नियमातली एक फट शोधली होती, खेळाडू स्वतःहून निवृत्त झाला तर जपानमध्ये दुसऱ्या टीमकडून खेळता येत नाही पण परदेशाबद्दल नियमात काही अडवणूक नव्हती. म्हणून 26 व्या वर्षी, पूर्ण भरात असताना, हा माणूस कागदोपत्री निवृत्त झाला. पेपरवाल्यांनी झोडपलं, आणि अमेरिकेत जमलं नसतं तर परतीचा रस्ता जवळजवळ बंदच होता, हे धाडस मला त्याच्या कुठल्याही विजयापेक्षा मोठं वाटतं.

त्याच्याआधी मेजर लीगमध्ये एकच जपानी खेळाडू होऊन गेला होता, मासानोरी मुराकामी, 1964-65 मध्ये. नोमो 1995 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, आदल्या वर्षीच्या खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, रद्द झाली होती आणि लोक बेसबॉलवर चिडलेले होते. त्याने 13 विजय आणि 236 स्ट्राइकआउट घेतले, नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार मॅचमध्ये तिचा सुरुवातीचा पिचर तोच होता. 1996 मध्ये डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट दिली नाही, तिथली हवा विरळ असल्याने बॉल लांब उडतो, कमी वळतो, त्यात पावसाने माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) निसरडा झाला म्हणून त्याने मॅच चालू असताना टॉर्नेडो सोडून साध्या ॲक्शनने बॉल टाकले, आणि तरी एक हिट नाही! दुसरा नो-हिटर 2001 मध्ये बॉस्टनकडून, तो तर त्या टीमसाठी त्याची पहिलीच मॅच होती.

मधली वर्षं खराब गेली, मेट्स, मिलवॉकी, डेट्रॉइट असं फिरला, त्यामुळे आकडे बिघडले हे मान्य. पण 2002 आणि 2003 मध्ये परत डॉजर्सकडे प्रत्येकी 16 विजय आहेत, ते कोणी सांगत नाही. जपानमधले 78 धरून एकूण 201 विजय होतात.

आणि इचिरोचं म्हणाल तर, नोमोनंतर जपानी क्लबांनी ती फट बुजवली, बरीच भांडणं झाली आणि 1998 मध्ये पोस्टिंग सिस्टीम आली, म्हणजे अमेरिकन टीमने जपानी क्लबला पैसे मोजून खेळाडूशी बोलणी करायची. इचिरो त्याच मार्गाने सिॲटलला गेला, नंतर ओतानीही तसाच गेला. 2014 मध्ये अमेरिकेच्या हॉल ऑफ फेमच्या मतदानात नोमो पहिल्याच वर्षी बाद झाला, आणि त्याच वर्षी जपानच्या हॉल ऑफ फेमने त्याला पहिल्याच संधीत आत घेतलं. मला विचाराल तर जपानवाल्यांनी पूर्ण करिअर बघितलं.