भालाफेक, दुखरे कोपर आणि एक वही

स. न.,

आपला मुलगा बारावी विज्ञानाला आहे, भालाफेकीत विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचला आहे, दोन महिने त्याचे कोपर आतल्या बाजूने दुखते आहे आणि तरीही क्रीडा कोट्याची संधी हुकू नये म्हणून आपण त्याच्याकडून रोज साठ फेकी करून घेता, असे आपण लिहिले आहे. आपला प्रश्न कोट्याचा आहे. मला मात्र त्या साठ फेकींनी अस्वस्थ केले. त्या आजच थांबवा आणि त्याला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नीरज चोप्रा यांनाही 2019 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. आपल्या पत्रात मुलासाठी ‘आळशी’ हा शब्द तीनदा आला आहे, तो मला पटलेला नाही.

‘हात मजबूत झाला की भाला लांब जाईल’ ही आपली समजूत तर मुळातच चुकीची आहे. अव्वल खेळाडूच्या हातून 800 ग्रॅमचा भाला ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाने सुटतो, आणि तो वेग एकट्या दंडातून येत नाही. उजव्या हाताने फेकणारा खेळाडू धावत येऊन डावा पाय रोवतो, गुडघा ताठ ठेवतो. त्या धक्क्याने खालचे अंग थबकते आणि धावेचा वेग कंबर, धड, खांदा, कोपर असा क्रमाने वर चढत अखेरीस भाल्यात उतरतो. तोच गुडघा वाकला, तर वेग वाटेतच गळतो, राहिलेली कसर हात भरून काढू पाहतो आणि ताण कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर येतो. आपल्या मुलाचे नेमके हेच होत असेल असे पत्रावरून सांगता येणार नाही, पण डंबेल्स वाढवून हा दोष जात नाही.

ज्याला आपण ‘मोबाइलचे वेड’ म्हणता, ते म्हणजे स्वतःच्या फेकींचे चित्रीकरण करून गुडघ्याचे आणि भाल्याचे कोन वहीत मांडणे, हीच मला पत्रातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटली. याच अभ्यासाला बायोमेकॅनिक्स म्हणतात. टोकियोत सुवर्णपदक मिळवले तेव्हा नीरज यांचे प्रशिक्षक असलेले क्लाउस बार्टोनिट्झ याच विषयातले तज्ज्ञ आहेत. फिजिओथेरपी, यांत्रिकी अभियांत्रिकी किंवा शारीरिक शिक्षण यांपैकी कोणत्याही पदवीनंतर या विषयाकडे वळता येते आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्याचा स्वतंत्र विभागही आहे. गणित सोडू देऊ नका, एवढेच.

डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. कितव्या फेकीनंतर दुखू लागते, हे त्याने तारखांसह टिपले असल्याचे आपणच तक्रारीच्या सुरात लिहिले आहे.