९ बाय १० फुटांची बेडरूम कमी खर्चात नव्याने कशी सजवावी?

तुम्ही लिहिलंय की खोली ९ बाय १० फुटांची आहे. त्यात ५ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब पलंग, पलंगाच्या पायथ्याशी ३ फुटी लाकडी कपाट, छताला एकच ट्यूब आणि कळकट झालेल्या भिंती. झोपणारी माणसं दोन. सगळा खर्च एका चांगल्या गादीच्या किमतीत बसवायचाय. घर स्वतःचं असल्यामुळे रंग लावायला कुणाला विचारायला नको. आणि शेवटी विचारलंय, ‘काय काय विकत घेऊ?’

पहिले आठ दिवस काहीही विकत घेऊ नका.

मी स्वतः याच्या बरोबर उलट केलं होतं. खोली तुमच्याहूनही जराशी लहान. आधी सुंदर चादरी आल्या, मग भिंतीवरच्या फळ्या, मग दिव्यांच्या माळा, आणि शेवटी पलंगामागच्या भिंतीला चिकटवायचा वॉलपेपर. तीन महिन्यांत वॉलपेपर कोपऱ्यातून सुटला, कारण त्याच्या मागे ओल होती आणि ती मी बघितलीच नव्हती. फळ्यांवर वस्तू ठेवल्या तशी खोली आणखी भरली. पैसे संपले आणि पलंग होता तिथेच, कपाटाचं दार पूर्वीसारखंच पलंगाला आपटत होतं.

तुमच्याकडेही तेच होत असणार. हिशेब करून बघा. डोक्याची बाजू ९ फुटी भिंतीला असेल तर पलंगाच्या पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. त्यातले २ फूट कपाटाच्या जाडीत गेले की हातात दीड फूट. कपाटाचं एक दार दीड फुटाचं, म्हणजे ते उघडलं की पलंगाला टेकलंच. समोर उभं राहायला जागा नाही. अशा खोलीला कितीही छान रंग दिला तरी रोज सकाळी कपडे काढताना ती अडचणीचीच वाटणार.

म्हणून आधी जमिनीवर मांडामांड करा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून पलंगाच्या आणि कपाटाच्या मापाचे कागद कापा आणि रिकाम्या जागेत सरकवून बघा. अवजड सामान ढकलत बसण्यापेक्षा हे बरं. ९० चौरस फुटांतले साडेबत्तीस एकटा पलंग खातो, एक तृतीयांशाहून जास्त, त्यामुळे खोलीचा निकाल पलंगच लावतो. माझा सल्ला असा: पलंगाची डोक्याची बाजू ९ फुटी भिंतीच्या मधोमध ठेवा, दोन्हीकडे दोन-दोन फूट राहतील. झोपणारे दोघे आहात, तेव्हा पलंग कोपऱ्यात ढकलायचा मोह टाळा. रात्री एकाला दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं, आणि त्या बाजूची चादर खोचताना दर वेळी शिव्या घालाल. (एकटा झोपणारा असता तर मी उलट सांगितलं असतं.) मग कपाट पायथ्याच्या भिंतीवरून काढून १० फुटी भिंतीला, पायथ्याकडच्या कोपऱ्यात लावा. ३ फुटी कपाट तिथे पलंग संपल्यावर अर्धा फूट सोडून सुरू होतं, त्याची दारं पूर्ण उघडतात, आणि समोर साडेतीन फूट रुंद, ७ फूट लांब अशी सलग मोकळी पट्टी मिळते. खोलीत शिरल्यावर नजर त्या पट्टीवर पडते. मोकळी जमीन सलग दिसली की खोली मोठी वाटते, तेवढीच जमीन चार तुकड्यांत दिसली तर नाही वाटत.

पलंग बाहेरच्या भिंतीला असेल तर दोन बोटं अंतर सोडा. गार भिंत आणि गादी यांच्यामध्ये हवा खेळली नाही तर तिथे बुरशी धरते.

हे करायच्या आधी एक दिवस खोली पूर्ण रिकामी करता आली तर फारच उत्तम. पलंग आणि कपाट सोडून सगळं बाहेरच्या खोलीत न्या आणि एक रात्र तसंच झोपा. दुसऱ्या दिवशी ज्याची खरंच आठवण आली तेवढंच परत आणा. माझ्याकडे एक खुर्ची होती, जिच्यावर गेल्या दोन वर्षांत कुणी बसलं नव्हतं. ती कपड्यांची खुर्ची होती. ती बाहेर गेली आणि दाराच्या मागे चार हुक आले. ‘एकदाच घातलेले, अजून धुवायचे नाहीत’ अशा कपड्यांना जागा लागतेच, ती नाही दिली तर ते पुन्हा नवीन खुर्ची शोधतात.

आता भिंती. रंगाच्या डब्याला हात लावायच्या आधी ओल तपासा, माझ्यासारखं करू नका. भिंतीवर पोपडे, पांढरी भुकटी किंवा हात लावल्यावर गारवा जाणवणारे डाग दिसले, की तिथे फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस सोडा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. गळकी नळी, वरची गच्ची किंवा बाहेरची भेग आधी दुरुस्त करावी लागेल, आणि पैसे आधी तिथे जातील. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर दोष खोलीतल्या दमट हवेचा आहे, खिडकी उघडी ठेवून आणि पंखा लावून बराच फरक पडतो. ओल्या भिंतीवर महागातला रंगही टिकत नाही.

घर फार जुनं असेल तर जुने थर कोरडे घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ फार वाईट, लहान मुलांना तर विशेष. पाणी मारून ओलं घासा, तोंडाला चांगला मास्क लावा.

रंगाबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. ‘लहान खोलीला पांढराच रंग’ हे अर्धंच खरं आहे. भरपूर उजेड असेल तर पांढरा उजळतो. जिथे थेट ऊन कधीच येत नाही तिथे तोच पांढरा करडा, मळकट दिसायला लागतो. अशा खोलीत किंचित पिवळसर किंवा गुलाबीकडे झुकणारा फिका रंग बरा. काही शेडकार्डांवर ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा असतो: ० म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. ६० ते ७५ च्या दरम्यान राहिलात तर खोली उजळही राहते आणि दवाखान्यासारखी दिसत नाही. गडद रंग लहान खोलीत चालतच नाही असंही नाही. गडद रंगात कोपरे हरवतात आणि खोली कुठे संपते ते चटकन कळत नाही. पण मग दिवे चांगले हवेत, आणि बजेट कमी असताना ही जोखीम मी घेणार नाही.

शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून ठरवू नका. चार भिंतींवर लागल्यावर तोच रंग हमखास जास्त गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. लहान डबा आणून दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभा करून बघा.

रंग किती लागेल तेही आधीच काढा. खोलीचा घेर ३८ फूट, उंची ९ फूट धरली तर ३४२ चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसएक वजा करा, राहिले साधारण ३००. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एक हात साधारण ११० ते १३० चौरस फूट होतो, म्हणजे दोन हातांना पाच-साडेपाच लिटर. भिंत खडबडीत असेल तर जास्त. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो. रंग स्वतः लावलात तर खर्चाचा मोठा भाग वाचतो, आणि एवढी खोली दोन सुट्ट्यांत होते. भिंत धुवा, भेगांत पुट्टी भरा, वाळल्यावर घासा, पुट्टीच्या जागी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, द्या. कोपरे आधी ब्रशने काढून घ्या, मग रोलर. दोन हातांमध्ये चार-सहा तास जाऊ द्या. चकचकीत फिनिश घेऊ नका, भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा त्यात उठून दिसतो.

दार, चौकट आणि कपाट भिंतीच्याच रंगात रंगवा. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक मला याने दिसला. वेगळ्या रंगाचं कपाट खोलीत ठाण मांडून बसतं, भिंतीच्या रंगाचं कपाट भिंतीत मिसळून जातं. वरचा थर चकचकीत असेल तर आधी १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चमक घालवा, चिकटून बसणारा प्रायमर द्या, मग फोमच्या रोलरने पातळ दोन हात. रंग हाताला लवकर सुका लागतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर दारं दणकन लावू नका. जुने हँडल बदलायचे असतील तर दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून घ्या, बहुतेक वेळा ते ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं. त्याच मापाचे घेतलेत तर नवी भोकं पाडावी लागत नाहीत. मी न मोजता आणले होते.

डोक्यामागची भिंत वेगळी दिसावी असं वाटत असेल तर वॉलपेपरऐवजी तिथे एका गडद शेडचा चौकोन रंगवा, ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. अर्धा लिटर रंगात होतो. कडेला मास्किंग टेप लावा आणि शेवटचा हात पुरता वाळायच्या आत ती सावकाश ओढा, कड सुरीने कापल्यासारखी येते.

आणि आता दिवे, जे लोक सर्वांत शेवटी बघतात. छताच्या मधोमध असलेली पांढरी ट्यूब सगळ्यावर सारखा प्रकाश टाकते, कुठे सावली नाही, म्हणून रात्री खोली सपाट आणि थकलेली दिसते. ट्यूब काढू नका, झाडताना आणि हरवलेलं शोधताना तीच लागते. पण संध्याकाळी ती बंद ठेवता येईल अशी सोय करा. बल्बच्या खोक्यावर ‘के’ अक्षरापुढे किंवा मागे आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर. झोपायच्या खोलीत दुसरा. ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. तसा एक कोपऱ्यात, भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना ४-५ वॉटचे दोन लहान दिवे, एवढं पुरे. बाजूला दोनच फूट आहेत, म्हणून टेबललॅम्प नकोत. भिंतीला लावायचे, वायर खाली सोडून प्लगमध्ये घालायचे दिवे मिळतात, भिंत फोडावी लागत नाही. बसून वाचताना दिव्याची खालची कड डोळ्यांच्या जरा खाली राहील इतक्या उंचीवर लावा, नाहीतर बल्ब थेट डोळ्यांत जातो.

पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीलाच लावू नका. छताजवळ लावा आणि दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच बाहेर काढा. पडदे सरकवल्यावर काच झाकली जात नाही आणि खिडकी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा मोठी भासते. कापडाची एकूण रुंदी दांड्याच्या दीडपट ते दुप्पट हवी. कापड घ्यायचं नसेल तर डबल बेडच्या ९० बाय १०० इंची साध्या चादरींना वर दुमड शिवा, आठ फुटी पडदा तयार. माझे पडदे अजून तेच आहेत.

आरसा एकच, उभा. पूर्ण उंची दिसायला आरसा तुमच्या उंचीच्या निम्मा असला तरी पुरतो, फक्त योग्य उंचीवर लावायचा. खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर लावलात तर उजेड आत पसरतो. लावण्याआधी त्यात काय दिसतंय ते बघा, पसारा दिसत असेल तर तो दुप्पट होईल. चित्रं लहान-लहान सहा लावण्यापेक्षा एक मोठं लावा. गालिचा राहू द्या, या जागेत तो फक्त धूळ धरेल.

पलंग पायांचा आहे की पेटीचा ते लिहिलेलं नाही. पायांचा असेल तर खाली चाकांचे बुटके खोके सरकवा, त्यांत चालू नसलेल्या ऋतूचे कपडे आणि जादा पांघरुणं जातील. पेटीचा असेल तर जागा आहेच, फक्त वर्षातून दोनदा ती उघडायचा कंटाळा करू नका.

खोलीचं दार कोणत्या भिंतीत आहे तेही कळवा. ते मी सांगितलेल्या कोपऱ्यातच उघडत असेल तर कपाट समोरच्या १० फुटी भिंतीच्या कोपऱ्यात न्यायचं, मापं तीच राहतात. दोन्ही कोपरे अडत असतील तर मात्र पलंग फिरवावा लागेल. डोक्याची बाजू १० फुटी भिंतीला आली की दोन्हीकडे आणि पायथ्याशी अडीच-अडीच फूटच उरतात आणि या कपाटाला जागा मिळणं कठीण. ते तुमच्याकडे बाहेरच्या खोलीत बसतं का, हे रंग घ्यायच्या आधी मोजून बघा.